मामा, अडीच वर्षं दाखवू का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

माझा भाचा कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. गेल्या वर्षी इंजिनिअर होऊन लातूरहून पुण्यात आला आणि तेव्हापासून नोकरी शोधतोय. मागच्या रविवारी रात्री त्याचा फोन आला. "मामा, क्लासचे सर म्हणतायत, अडीच वर्षं दाखवली की कॉल सुरू होतील. पीएफसकट नव्वद हजार. दाखवू का?"

त्याने मला विचारलं, कारण आमच्या घरात आयटीत गेलेला पहिला माणूस मी. पण अडीच वर्षं हे शब्द ऐकले आणि मला पुढे बोलता येईना. न केलेल्या नोकरीचा खोटा अनुभव, कागदपत्रांसकट. तेरा वर्षांपूर्वी मीही बरोबर अडीच वर्षंच दाखवली होती.

"उद्या भेटतो. तोवर कुणाला एक रुपया देऊ नकोस," एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तेच आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र. त्याच्या खोलीवर पाच मुलं राहतात आणि त्यातल्या तिघांनी असा खोटा अनुभव 'लावलाय', असं तो म्हणतो. त्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत ही गोष्ट वर्तमानपत्रातून पोचली तर पोचेल, मुलं तर सांगणार नाहीत. माझं नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, तो छापू नये ही विनंती. मुलगी पाचवीत आहे. तिला मी स्वतः सांगणार आहे. तिने ते शाळेत दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये.

मी २००९ साली इंजिनिअर झालो. आदल्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती, जानेवारीत सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा बाहेर आला होता. आमच्या कॉलेजात कॅम्पसला कुणी फिरकलं नाही. मला ५७ टक्के होते. पुण्यात वॉक-इनच्या रांगेत चार-चार तास उभं राहायचं आणि फाटकावरचा माणूस विचारायचा, "साठ टक्के थ्रू-आउट आहेत का?" म्हणजे दहावीपासून पदवीपर्यंत सगळीकडे. नसले तर तिथूनच परत. पाच महिन्यांत पैसे संपले आणि मी लातूरला परत गेलो.

तिथे मी दोन वर्षं रिकामा बसलो नव्हतो. सकाळी एका क्लासात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायचो. दुपारनंतर बाजार समितीत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका अडत दुकानात मुनीम होते. दिवाळीच्या आसपास सोयाबीन यायचं, संक्रांतीनंतर तूर. तेव्हा हात कमी पडायचे. मी काट्यावर उभा राहून वजनं लिहायचो, हमाली-तोलाई-अडत वजा करून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करायचो. दुकानात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर टॅली मीच बसवून दिलं. त्याच काळात आजीचं खुब्याचं हाड मोडलं. तिला उठवणं-बसवणं माझ्याकडे होतं. ही माझी २००९ ते २०११.

२०१२ च्या जानेवारीत पुन्हा पुण्यात आलो, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावला. तीन महिन्यांचा कोर्स संपत आला तसं क्लासच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. म्हणाले, "तुझं नॉलेज चांगलं आहे, पण तुझी अडीच वर्षं गॅप आहे. फ्रेशर म्हणून तुला कोण घेणार? गॅप भरून टाकू." कुणी चोरी कर म्हणालं असतं तर मी उठून गेलो असतो. ते म्हणाले, भरून टाकू. खड्डा भरावा तसं. तीस हजार ठरले. अण्णांना सांगितलं, कोर्सची उरलेली फी आहे.

आठ दिवसांत खाकी लिफाफा मिळाला. बंगळूरच्या एका कंपनीचं ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, नोकरी सोडल्याचं रिलिव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर. कागद जाड, किंचित पिवळसर. सही निळ्या शाईची, शिक्का थोडा तिरका, खरा वाटावा इतका. सोबत हाताने लिहिलेली दोन पानं : ऑफिस कितव्या मजल्यावर, मॅनेजरचं नाव काय, जेवायला कुठे जायचो. हे पाठ करायचं होतं. पडताळणीला एक मोबाइल नंबर होता. त्यावर फोन केला की एक माणूस इंग्रजीत "एचआर" म्हणायचा.

या कागदांमागे विचार किती होता, ते मला पुढे कळलं. माझा खोटा पगार १३,००० ठेवला होता. वर्षाचे झाले १,५६,०००. तेव्हा १,६०,००० पर्यंत कर नव्हता, म्हणजे फॉर्म १६, पगारातून कर कापल्याचा दाखला, कुठे आहे हा प्रश्नच कुणी विचारायचा नाही. पीएफ का नाही, तर वीसपेक्षा कमी माणसं असली की कायद्याने पीएफ लागत नाही, आमच्या कंपनीत सोळा होती. पगार बँकेत का नाही, तर छोटी कंपनी, रोखीने द्यायचे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर शिवून ठेवलेलं होतं. एकच ठिकाणी टाका उसवला होता. फेब्रुवारीच्या स्लिपवर व्यवसाय कर ३०० रुपये कापलेला होता. महाराष्ट्रात अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापून वर्षाचे अडीच हजार पुरे करतात. बंगळूरच्या कंपनीला तसं करायचं कारणच नव्हतं. पुण्यातल्या कुणीतरी पुण्याच्या स्लिपवरून ती बनवली होती. मुनिमाचा मुलगा असूनही हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. लक्षात आलं त्या दिवसापासून मला झोपेत तो तीनशेचा आकडा दिसायचा.

एप्रिल २०१२ मध्ये नोकरी लागली. लातूरला पेढे वाटले. अण्णांनी दुकानात हमालांनाही दिले.

इथून पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सविस्तर लिहितोय. क्लासवाले सांगतात, एकदा आत गेलास की झालं, काम येतंय ना? मला काम येत होतं. पहिले सहा महिने रात्री जागून शिकलो, वर्षभरात चांगला टेस्टर झालो, रेटिंगही चांगली मिळाली. पण कागदावरची ती अडीच वर्षं कागदावर राहत नाहीत. ती रोज जगावी लागतात.

आमच्या टीममध्ये हुबळीचा एक सहकारी होता. फार मोकळा माणूस. मी बंगळूरला होतो हे कळल्यावर त्याला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी डबा खायला बसताना म्हणाला, "ऊट आय्ता?" मला कळलं नाही. मी नुसता हसलो. तो थांबला. जेवण झालं का, एवढंच विचारलं होतं त्याने. "अडीच वर्षं राहिलास आणि एवढंही नाही शिकलास?" मी म्हणालो, रूमवर सगळे मराठीच होते. लातूरहून कर्नाटकची हद्द काही लांब नाही, पण आमच्या घरात कानडी कुणाला येत नाही. त्या दिवसापासून मी जेवणाची वेळ बदलली. आधी एकला जेवायचो, मग पावणेदोनला जाऊ लागलो, एकटा. एका भल्या माणसाशी दोस्ती व्हायची होती, ती मी स्वतः तोडली. अशी किती माणसं टाळली, त्याची मोजदाद नाही. कुणी कॉलेजनंतरच्या दिवसांच्या गप्पा काढल्या की मी उठून पाणी प्यायला जायचो.

आणि माझी खरी दोन वर्षं मला कुणाजवळ काढताच येईनात. आजीला मांडीवर घेऊन भरवलं ते, काट्यावर उभं राहून पाय सुजायचे ते, माझ्या हाताखाली शिकून दहावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा मुलगा, हे सगळं घडलंच नव्हतं. त्या काळात मी बंगळूरला होतो.

२०१४ मध्ये न्यू जर्सीला जायची संधी आली. व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या मालकांची नावं, पत्ते, फोन, वरिष्ठाचं नाव भरावं लागतं. ऑफिसात खोटं बोलणं वेगळं आणि दुसऱ्या देशाच्या सरकारला लिहून देणं वेगळं, एवढी अक्कल शिल्लक होती. अमेरिकेच्या कायद्यात खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. नुकतंच लग्न झालंय असं सांगून मी नकार दिला. २०१८ मध्ये पुन्हा विचारणा झाली. तेव्हा पाच वर्षांचा हिशेब स्वच्छ होता, पण सोबत रेझ्युमे जोडावा लागणार होता. अण्णांच्या तब्येतीचं कारण सांगितलं. माझ्या जागी जो गेला, त्याला टेस्टिंग मी शिकवलं होतं.

२०१४ च्या शेवटी पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, आला. सगळे मोबाइलवर पासबुक बघून खूश. माझं पासबुक एप्रिल २०१२ पासून सुरू होत होतं. त्यात नवीन काहीच नव्हतं, पण आता ते कुणालाही एका मिनिटात दिसणार होतं. पुढच्या वर्षी कंपनी बदलली तेव्हा पडताळणीच्या अहवालात माझ्या पहिल्या कंपनीसमोर पिवळा शेरा आला, संपर्क होऊ शकला नाही. लाल नाही, पिवळा. नव्या मॅनेजरला माणूस तातडीने हवा होता, त्याने ते मिटवलं. मला वाटलं, सुटलो.

२०१६ मध्ये एका रात्री, का कोण जाणे, मी कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर त्या बंगळूरच्या कंपनीचं नाव टाकलं. प्रत्येक कंपनीला एकवीस अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक असतो आणि त्यात स्थापनेचं वर्ष लिहिलेलं असतं. तिथे २०१० होतं. मार्च २०१०. माझ्या ऑफर लेटरवर तारीख होती जुलै २००९. जी कंपनी जन्मालाच यायची होती, तिच्यात मी आठ महिने आधी रुजू झालो होतो. बायको शेजारी जागी झाली, म्हणाली काय झालं. त्या रात्री तिला सगळं सांगितलं. लग्न जुळवताना बायोडाटात तीच अडीच वर्षं लिहिली होती. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माझ्या बाबांनी बंगळूरच्या कंपनीचं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं." नंतर तिने हा विषय काढला नाही. फक्त त्यानंतर घरी असताना माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि मी फोन ठेवला की विचारायची, "ऑफिसचं नाही ना?" सात वर्षं विचारत राहिली.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने विवरणपत्रं न भरणाऱ्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली. ही कंपनीही त्यात गेली.

सगळ्यात वाईट काळ पुढे आला. मी लीड झालो आणि मुलाखती घ्यायला बसू लागलो. फेकवर आलेला उमेदवार मला पाच मिनिटांत ओळखू यायचा. प्रोजेक्ट तेच, वाक्यं तीच. खऱ्या कामावर असलेला माणूस आपल्या कामाविषयी बोलताना अडखळतो, कुरकुर करतो, मॅनेजरविषयी चिडतो. पाठ केलेला माणूस कुणावरच चिडत नाही. परभणीकडची एक मुलगी आली होती. मी तिला विचारलं, कॅन्टीन कुठे होतं? ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "सेकंड फ्लोअर, सर." मला माझी ती दोन पानं आठवली. तिचे हात टेबलाखाली होते. टेस्टिंग तिला उत्तम येत होतं, त्या दिवशी आलेल्यांत सगळ्यात उत्तम. मी तिला नापास केलं. घेतली असती आणि उद्या ती सापडली असती तर तिला कुणी घेतलं, असा प्रश्न निघाला असता आणि मग माझी फाइल उघडली असती. एवढ्या भीतीपोटी. त्याआधी एका मुलाला ओळखूनही पास केलं होतं, आणि त्यामुळे त्याच दिवशी आलेला एक खरा, थोडा कच्चा मुलगा परत गेला होता. कुणाला घेतलं तरी कुणावर तरी अन्याय होणार, अशा खुर्चीत मी बसलो होतो, आणि त्या खुर्चीपर्यंत मी कसा आलो ते मला एकट्याला माहीत होतं.

अण्णा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले. दिवस झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली. घरखर्चाच्या डायऱ्या होत्या, वर्षाला एक. दुकानाची खतावणी लिहायचे तशाच नेटक्या, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाडाखोड नाही. २०१२ ची काढली. मार्चच्या पानावर निळ्या शाईत होतं : "चि. यास पुणे. कोर्स फी ३०,०००. पैकी शेठकडून उचल १८,०००. घरचे १२,०००." पुढच्या पानांवर आणि मग पुढच्या वर्षीच्या डायरीतही दर महिन्याला एक ओळ, "उचल कट १,५००." बारा वेळा. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या, हिशेब मिटला की ओढतात तशा. मला नोकरी लागल्यावर मी पैसे पाठवत होतो, तरी त्यांनी ही उचल स्वतःच्या पगारातून फेडली. चाळीस वर्षांच्या त्यांच्या लिहिण्यात एक नोंद खोटी आहे. ती मी लिहायला लावली, आणि त्यांना ते कधीच कळलं नाही.

म्हणून २०२३ मध्ये मी जे केलं ते केलं. आमचं काम एका बँकेकडे गेलं. बँकेने अट घातली की त्यांच्या कामावरच्या प्रत्येकाची पडताळणी नव्याने होईल. नवीन फॉर्म आला. पदवीपासून आजवरचा महिनावार तपशील, तीन महिन्यांपेक्षा मोठ्या खंडाचं कारण. मी त्यात बंगळूर लिहिलं नाही. लिहिलं : लातूर, शिकवणी आणि अडत दुकानात हिशेबाचं काम. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात खरं लिहिलं.

बाराव्या दिवशी बोलावणं आलं. काचेची केबिन, समोर दोघं, टेबलावर माझे दोन फॉर्म शेजारी-शेजारी, २०१५ चा आणि हा. त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "यातलं खोटं कुठलं?" मी सांगितलं. मग तो म्हणाला, "लातूरच्या कामाचा काही पुरावा?" शेठ वारले होते, दुकान दुसऱ्याच्या नावावर झालं होतं, क्लास बंद पडला होता. खोट्या अडीच वर्षांची माझ्याकडे सहा कागदपत्रं होती, शिक्क्यानिशी. खऱ्या वर्षांचं एकही नव्हतं. संध्याकाळी चार वाजता लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून मी खाली आलो. राजीनामा द्यायची मुभा दिली, हे त्यांचं सौजन्य. ग्रॅच्युइटीही दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये लागलेल्या एका कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी जप्त करणं योग्य ठरवलं, आणि त्यासाठी फौजदारी गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असं नाही, असंही सांगितलं. तो निकाल मी दोनदा वाचला.

सात महिने घरी होतो. फ्लॅटचा हप्ता बायकोच्या पगारातून आणि पाटल्या मोडून भरला. आज एका छोट्या कंपनीत अकरा महिन्यांच्या करारावर आहे, पगार निम्म्याहून कमी. मुलाखतीला बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोललो होतो. चार ठिकाणी ते वाक्य शेवटचं ठरलं, पाचव्या ठिकाणी घेतलं. आता अनोळखी नंबर आला तर बायको दारात येत नाही.

मी शिक्षेविषयी तक्रार करत नाही. दोष माझा आहे. क्लासच्या सरांनी दार लोटलं, पण पैसे मी दिले आणि सही मी केली. तरीही दोन गोष्टी मला कळकळीने मांडायच्या आहेत.

एक म्हणजे, हे खोटं परत घेता येत नाही. काळा पैसा बाळगणाऱ्यांना सरकारने २०१६ मध्ये जून ते सप्टेंबर अशी मुदत दिली होती : स्वतः जाहीर करा, ४५ टक्के भरा, पुढे या. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एक खोटा कागद जोडलेल्या मुलाला दहा वर्षं प्रामाणिक काम केल्यावरही असं कुठलंच दार नाही. जो शेवटपर्यंत खोटं रेटतो तो टिकतो, आणि जो एका फॉर्मवर खरं लिहितो तो जातो. कंपन्यांनी याचा विचार करावा. पद कमी करा, पगारवाढ रोखा, वर्षं वजा करा, पण स्वतःहून सांगणाऱ्याला सांगायची वाट ठेवा. शेकडो माणसं आज माझ्यासारखी जेवणाची वेळ बदलून जगत असतील, याची मला खात्री आहे. आणि साठ टक्के थ्रू-आउट, गॅप नको, या चाळण्या काढा. गॅप किती आहे हे विचारण्याऐवजी त्या काळात काय केलंस ते विचारा. आजीची सेवा केली, दुकानात बसलो, असं म्हणणाऱ्याला लगेच बाद करू नका. त्याला बाद केलं की तो कुठल्या केबिनमध्ये जातो, ते मी वर लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. सापडलं तर फार तर काढून टाकतील, असं यांना सांगितलं जातं. फसवणुकीसाठी बनावट कागद तयार करण्याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो कागद खरा म्हणून वापरणाराही त्याच शिक्षेला पात्र होतो. शिवाय आता 'पीएफसकट' हे जे नवीन निघालंय ते माझ्या वेळेपेक्षा भयंकर आहे. माझं खोटं सहा कागदांत होतं. भाच्याला जे विकतायत त्यात कुठल्यातरी नावापुरत्या कंपनीतून त्याच्या नावावर पीएफ भरला जाईल, आणि यूएएन आधारशी जोडलेला असतो. म्हणजे ज्या कंपनीचं तोंडही पाहिलं नाही तिची नोंद कायमची त्याच्या आधारला चिकटणार. उद्या ती कंपनी पकडली गेली तर यादीत पहिल्यांदा याचं नाव निघेल, क्लासच्या सरांचं नाही. पोलिसांनी या क्लासांच्या बंद केबिनींपर्यंत जावं. आणि पालकांनो, मुलाने कोर्सची फी म्हणून मोठी रक्कम मागितली तर पावती मागा. अण्णांनी मागितली असती तर मी अडकलो असतो, आणि ते बरं झालं असतं.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मामा, मग मी करू काय?" याचं पुरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा अर्ज भरायला सांगितला. पदवीधरांना महिना दहा हजार मिळतात. पुढे नोकरीची हमी नाही, पण जो कागद मिळेल तो खरा असेल. बुधवारी त्याचा पुन्हा फोन आला. खोलीवरचा एक मुलगा, लावलेल्यांपैकी, सहा लाखांवर जॉइन झाला होता. हे सांगून तो गप्प झाला. मीही काही बोललो नाही, पण फोन ठेवला नाही.

शनिवारी आम्ही दोघांनी बसून त्याचा रेझ्युमे नव्याने लिहिला. गेल्या वर्षभरात तो दर महिन्याला आठ-दहा दिवस गावी जाऊन दाजींच्या कृषी सेवा केंद्रात बसत होता. खतांचा स्टॉक, बिलं, उधारीची वही कॉम्प्युटरवर आणणं, हे सगळं त्याने केलं होतं आणि ते कुठे लिहायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. ते तारखांसकट लिहिलं. खाली पडताळणीसाठी दुकानाचा नंबर टाकला. कुणी फोन केला तर त्याचे वडील उचलतील.

आपला,
एक वाचक, पुणे